या वेळी पिशव्या माझ्याकडे

अबू धाबी,
१२ एप्रिल

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

मिरजेचं एक ओळखीचं कुटुंब सुट्टीला निघालंय, त्यांच्या हाती हे पत्र देते आहे. फोनवर मी हा विषय तीनदा काढला. तिन्ही वेळा बाबा "बघू" म्हणाले आणि आई म्हणाली, "पोरांना न्या, आम्ही बसतो की घरी." कागदावर लिहिलेलं बाबा दोनदा वाचतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

९ जूनला, मंगळवारी, आपण सहाच्या सहा जणांनी इथल्या यास बेटावरच्या सीवर्ल्ड या समुद्री प्राण्यांच्या पार्कात जायचं आहे. मी रजा टाकली आहे, तुमच्या जावयांनीही टाकली आहे. पोरांची एका दिवसाची शाळा बुडेल, ती बुडू दे. मंगळवार मुद्दाम धरला. इथं शनिवार-रविवार सुट्टी असते आणि ईदच्या आसपास तर पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी संकष्टी नाही, एकादशी नाही, हेही कालनिर्णयात बघून घेतलं. तेव्हा आईला उपासाचं कारण सांगता येणार नाही.

मागे आपण सगळे त्या उघड्या मैदानातल्या पार्कात गेलो होतो, मे महिन्यात. आम्ही एका रांगेतून दुसऱ्या रांगेत पळत होतो आणि तुम्ही दोघं झाडाखालच्या बाकावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून. सात जोड चपला, चार पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, दादाचा मोबाइल. सावली सरकली की तुम्ही पिशव्यांसकट सरकायचा. घरी आल्यावर मी फोटो बघितले. दोनशेच्या वर होते. तुम्ही दोघं त्यातल्या एकातच आहात, तेही थोरलीचा फोटो काढताना मागं आलात म्हणून. आईच्या मांडीवर बॅग, बाबांच्या हातात धाकट्याची टोपी. तो फोटो मी इथं फ्रिजच्या दारावर लावलाय. रोज सकाळी दूध काढताना दिसतो.

आणि ते काही पहिल्यांदा झालं नव्हतं. श्रावणी सोमवारी हरिपूरच्या जत्रेत मी आणि दादा आकाशपाळण्यात बसायचो. बाबा खाली आमच्या चपला घेऊन उभे, आईच्या हातात शेंगांचा पुडा. पाळणा वर गेला की कृष्णा आणि वारणा जिथं मिळतात ते पाणी दिसायचं आणि मी वरून ओरडायचे, "बाबा, संगम दिसतोय!" तुम्ही तो वरून कधी बघितलाच नाहीत. दोघांचे पैसे दिले की पुढच्या पाळण्याचे उरत नव्हते, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून या वेळी ठिकाण निवडताना आधी तुमचं बघितलं, मग पोरांचं.

यास बेटावर बंदिस्त, वातानुकूलित अशी तीन मोठी पार्कं आहेत. २०१० साली झालेलं लाल छपराचं फेरारी वर्ल्ड, २०१८ चं वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड आणि २०२३ च्या मे महिन्यात उघडलेलं सीवर्ल्ड. जूनमध्ये इथं दुपारी पारा चाळिशीच्या पार जातो, त्यामुळं उघड्यावरचं काही नकोच. फेरारीतली एक गाडी पाच सेकंदांच्या आत ताशी २४० किलोमीटरचा वेग घेते. बाबांच्या मणक्याला आणि आईच्या बीपीला ती चालणार नाही, आणि तिथं गेलो की तुम्ही परत बाकावर. वॉर्नरमध्ये टॉम अँड जेरी आहेत, बॅटमॅनचं कायम रात्र असलेलं गाव आहे. पोरांना ते आवडतं, पण त्यांना त्यांचे बाबा दुसऱ्या दिवशी घेऊन जातील. सीवर्ल्डमध्ये मात्र मुख्य काम बघण्याचं. पाळणे तिथंही आहेत, पण ते बाजूला ठेवले तरी दिवस पुरत नाही.

बाबा, आता तुमच्यासाठी एक आकडा. तिथल्या सगळ्यांत मोठ्या टाकीत अडीच कोटी लिटर पाणी आहे. शार्क, मांटा रे नावाचे मोठे चपटे मासे, कासवं, माशांचे थवे, सगळं एकाच पाण्यात. पहिल्यांदा मी त्या काचेसमोर उभी राहिले तेव्हा तुमचीच आठवण झाली आणि तिथंच मोबाइलवर हिशोब मांडला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. समजा कोयनेतून २५ हजार क्युसेक सोडलेत, म्हणजे सेकंदाला सात लाख लिटर. ही अख्खी टाकी ३५ सेकंदांत भरली! आख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात काढलेल्या माणसाला टाकीचं काय अप्रूप, असं तुम्ही म्हणाल. पण पाणी वरून मोजणं वेगळं आणि त्याच्या पोटात काय चाललंय ते समोर उभं राहून बघणं वेगळं. तुम्ही आयुष्यभर पट्टीवरचे फूट वाचलेत. एकदा आतून बघा.

आई, तुझ्याशी याच गोष्टीवर वेगळं बोलायचं आहे. २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, आपल्या गावभागातल्या घरात माळ्याच्या फळीपर्यंत चढलं, आणि तेव्हापासून पाणी म्हटलं की तुझ्या पोटात गोळा येतो हे मला ठाऊक आहे. टीव्हीवर धबधबा लागला तरी तू उठून आत जातेस. त्यामुळं आधीच सांगते. ती काच खूप उंच आहे, आणि तिच्यापलीकडं नुसतं पाणीच पाणी. पण ते आपल्या पुरासारखं गढूळ नाही, त्याला तो आवाज नाही, तो वास नाही. निळंशार आणि संथ आहे. मला तिथं फार शांत वाटलं, तरी तुला तसंच वाटेल असं मी म्हणणार नाही. दारापर्यंत जाऊ. नको वाटलं तर माझा हात दाब, मी तुझ्याबरोबर बाहेर बसेन. बाबा पोरांना घेऊन आत जातील आणि तू का आली नाहीस असं कुणीही विचारणार नाही.

खरं म्हणजे तुला मला दुसऱ्याच दालनात न्यायचं आहे. तेल सापडण्याच्या आधी इथली माणसं मोत्यांवर जगत होती, त्याची गोष्ट तिथं मांडलेली आहे. उन्हाळ्याचे चार महिने होड्या समुद्रात. पाणबुडे नाकाला चिमटा लावायचे, पायाला दगड बांधायचे आणि एका दमात तळाशी जाऊन शिंपले गोळा करून यायचे. दिवसभर तेच. मोती विकायला व्यापारी मुंबईला यायचे. पुढं जपानमधून कल्चर्ड, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले मोती आले आणि १९३० च्या सुमारास हा धंदा पार बसला. हे सगळं ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर तुझी नथ होती, आजीकडून आलेली. तिच्यातले ते बसरा मोती याच आखातातले, आई. कुठल्या तरी पाणबुड्यानं श्वास कोंडून वर आणलेला मोती मुंबईमार्गे सांगलीला आला आणि तुझ्या नाकात बसला. बँकेच्या लॉकरमधून नथ काढून आण. त्या दालनात घाल आणि मला तुझा फोटो काढू दे. एकटीचा.

डॉल्फिनचे खेळ असतात तिथं. मी ते ठरवलेल्यात धरलेले नाहीत. एवढ्या हुशार जिवाला शिट्टीवर उड्या मारताना बघून मला बरं वाटत नाही. पोरं हट्ट करतील, त्यांच्याशी मी बोलेन. या सीवर्ल्डमध्ये ओर्का (किलर व्हेल) ठेवलेले नाहीत आणि शेजारीच जखमी कासवं वगैरे सोडवून बरी करणारं केंद्र आहे, म्हणून मन थोडं तयार झालं. तुला पटलं नाही तर स्पष्ट सांग, आपण दुसरं काही बघू.

बाबा, आता व्हीलचेअर. पत्र खाली ठेवू नका, पूर्ण वाचा. इमारत पाच मजली आहे, बांधकाम सुमारे ४५ एकरांचं. तुम्ही रोज आमराईत दोन फेऱ्या मारता, मान्य. पण दुसऱ्या फेरीनंतर तुम्ही कट्ट्यावर बसून गुडघा चोळता, हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलंय. सकाळी तुम्ही चाला. जेवणानंतर खुर्ची घ्यायची. धाकट्यानं ढकलायचं काम आधीच मागून घेतलंय, त्याला नाही म्हणू नका. हट्टानं चालत राहिलात तर दुपारी दोनला "तुम्ही जाऊन या, मी इथं बसतो" म्हणाल, आणि मला तेच ऐकायचं नाही.

दिवस असा जाईल. आमच्या घरापासून अर्ध्या तासाचा रस्ता. उघडायच्या वेळेलाच पोचू. आत शिरल्यावर पहिल्यांदा प्रसाधनगृहं कुठं आहेत ते बाबांना दाखवते, त्याची काळजी नको. दर तासाला थांबायचं. आत गारठा असतो आणि पेंग्विनच्या भागात जास्तच, तेव्हा जूनमध्ये हसतील लोक, पण आईची शाल, बाबांचा बिनबाह्यांचा स्वेटर आणि पायमोजे आणा. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पण औषधं नेता येतात. इथली घड्याळं भारताच्या दीड तास मागं. म्हणजे बाबांचं रात्री आठचं इन्सुलिन इथं साडेसहाला. त्याच्या आत घरी परत. भात-आमटी मी सकाळीच करून ठेवेन.

आता एक महत्त्वाचं, आई, नीट वाच. यंदा अधिक महिना आलाय आणि जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं तू मनाशी ठरवलं असशील. अनारसे जरूर कर. पण खसखशीवर थापू नकोस. इथं खसखशीला सक्त बंदी आहे, विमानतळावर सापडली तर अटक होऊ शकते. तिळावर थाप, नाहीतर पीठ आणून इथं तळू. काळ्या मसाल्यात, कांदा-लसूण मसाल्यातही आपल्याकडं खसखस असते, म्हणून घरचा कुठलाच मसाला आणू नकोस. भडंग, शेंगदाण्याची चटणी, तासगावचे बेदाणे, हळद, हे चालेल.

तसंच बाबांच्या पायाला मुंग्या येतात त्यावरची रात्रीची गोळी. त्यात प्रीगॅबलिन आहे. ते इथं नियंत्रित औषधांत मोडतं आणि आणायच्या आधी सरकारी परवानगी ऑनलाइन काढावी लागते. डॉक्टरांकडून नव्या तारखेची चिठ्ठी घ्या, त्यावर औषधाचं मूळ नाव स्पष्ट लिहून मागा, आणि फोटो मला पाठवा. अर्ज मी भरते. बाकीच्या गोळ्याही डब्यांत सुट्या करू नका, पाकिटांसकट आणा. खोकल्याचं औषध अजिबात आणू नका, काहींमध्ये कोडीन असतं. इथं सगळं मिळतं.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला या, दादा स्टेशनवर येणार आहे आणि विमानतळावर तोच सोडेल. तिथून तीन-सव्वातीन तास.

पैशाचं विचारू नका. दिवाळीपासून दर महिन्याला मी या दिवसासाठी बाजूला काढतेय. दुसऱ्या कशातून कापलेले नाहीत.

जूनअखेर तुम्हाला परत पाठवणार, हा शब्द. कोयना भरायला लागली की बाबांचा जीव इथं रमणार नाही आणि आईला घरातलं धान्य वर चढवायचं असतं, हे मी विसरलेले नाही. म्हणूनच जुलै-ऑगस्टमध्ये या असं कधी म्हटलं नाही.

दोघांच्या पासपोर्टांच्या पहिल्या पानांचे फोटो दादाकडून पाठवा. मुदत सहा महिन्यांहून जास्त शिल्लक हवी, आईचा एकदा बघून घ्या. व्हिसा मी करते.

त्या दिवशी तुमच्या हातात काही असणार नाही. औषधांची पिशवी, शाल, पोरांच्या बाटल्या, सगळं माझ्या खांद्यावर. तुम्ही फक्त पुढं चालायचं.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, ३५ सेकंदांचा हिशोब तुम्ही एकदा तपासा. चुकला असेल तर कळवा.