रॅम्प नकाशात, पायऱ्या जागेवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या सांगलीत जोते उंच घेतले जाणारच. पण जोते वर गेले की व्हीलचेअरसाठीचा उतरता रस्ता म्हणजे रॅम्प लांबतो, हे बांधकाम संपत आल्यावर आठवून उपयोग नाही. उतार 1:12 हवा. म्हणजे दीड फूट चढायला 18 फूट. तीन फुटांना 36 आणि मध्ये पाच फुटांचा सपाट टप्पा वेगळा. एवढी जागा आराखड्यातच सोडावी लागते. नाहीतर शेवटी सहा-सात फुटांत उतार उरकला जातो. त्यावरून स्कूटर चढते. व्हीलचेअर मागे उलटते. वर चकचकीत फरशी असेल तर पावसाळ्यात धडधाकट माणूसही घसरेल.

लिफ्टचेही तेच. जुन्या इमारतीत मागाहून बसवलेली लिफ्ट बऱ्याचदा जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबते. पुढच्या आठ-दहा पायऱ्यांचे काय? फ्लॅटमध्ये बाथरूमची चौकट अडीच फुटी. लाकूड आणि उघडे दार वजा जाता व्हीलचेअर जेमतेम शिरते किंवा अडकतेच. मोकळी रुंदी 900 मिलिमीटर हवी आणि खुर्ची वळवायला 1500 मिलिमीटर व्यासाची जागा. उंबरा तर नकोच.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 44 नुसार सुगम्यतेचे (दिव्यांगांना सहज वावरता येण्याचे) नियम न पाळणाऱ्या आराखड्याला परवानगी देता येत नाही आणि बांधकाम पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. हे कलम ज्यांना लागू आहे त्या ‘आस्थापना’ या व्याख्येत खासगी कंपनी, फर्म, सहकारी संस्थाही येतात. त्यामुळे ‘हे सरकारी इमारतींपुरते’ ही सबब चालत नाही. याच कायद्याखालील 2017 च्या नियमांतला सुगम्यतेच्या मानकांचा नियम 15(1) निव्वळ शिफारशीसारखा असल्याने सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी तो कायद्याशी विसंगत ठरवला व बंधनकारक मानके करण्यास सांगितले.

फ्लॅट घेणाऱ्यांनी बुकिंगच्या वेळीच मंजूर नकाशा मागावा. रेरा म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याने तो दाखवणे विकासकाला भाग आहे. रॅम्प, लिफ्ट, दारांची मापे करारनाम्यात लिहून घ्यावीत. तसे केले असेल तर ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत त्यातली उणीव विकासकाने 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायची असते. सोसायटी रॅम्पला आडकाठी करत असेल, तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते.

आणि महापालिकेच्या अभियंत्यांनी भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी (इमारत वापरण्याची परवानगी देण्याआधी) जागेवर टेप लावून उतार मोजावा, नोंद फाईलमध्ये ठेवावी.

— एक वाचक, विश्रामबाग, सांगली