सांडपाण्याच्या तळ्यांसाठी ई-क्लास जमीन राखून ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या गावाची नगरपंचायत झाली, सिमेंटचे रस्ते झाले, घरोघरी संडास झाले. या सगळ्याचं पाणी माझ्या वावराला लागून असलेल्या नाल्यात येतं. त्याच नाल्यावर माझी मोटर आहे. सांभार (कोथिंबीर), पालक, मेथी, वांगी काढते. दिवाळीनंतर वरची धार आटते, मग नाल्यात उरतं ते फक्त गावाचं सांडपाणी. विहीर पुरत नाही, म्हणून तेच पिकाला द्यावं लागतं. फूटव्हॉल्व्हची जाळी सारखी काढून धुवावी लागते. तिच्यात शाम्पूच्या पुड्या, केसांचे पुंजके आणि काळा चिकट गाळ अडकलेला असतो. निंदणाला येणाऱ्या बायांच्या घोट्यांवर पुरळ उठतं. बाजारात गिऱ्हाईक सांभाराची जुडी हातात घेऊन विचारतं, "नाल्यावरचा तर नाही ना?" मी खरं सांगते. जुडी परत ठेवली जाते.

लोकांनी संडासाच्या टाक्या बांधल्या, पण इथली जमीन काळी, भारी. पावसाळ्यात ती फुगते, पाणी जिरू देत नाही. शोषखड्डे तुंबतात आणि टाकीचा पाइप शेवटी नालीत सोडला जातो. टाकी भरली की उपसणारा टँकर येतो आणि तोही गावाबाहेर नाल्याच्याच काठी रिकामा होतो.

आता सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाची चर्चा सुरू आहे, याचा मला आनंद आहे. विनंती एवढीच की यंत्रावर चालणारा प्रकल्प आमच्या माथी मारू नये. त्यात पाण्यात रात्रंदिवस हवा सोडावी लागते. लाइन गेली की हवा बंद, आणि हवा बराच वेळ बंद राहिली की मैला खाणारे जिवाणू मरतात. पथदिव्यांचं बिल थकवणारं गाव हे बिल कुठून भरणार?

आमच्याकडे ऊन भरपूर आहे. एकापाठोपाठ एक तळी करून त्यांत पाणी मुक्कामी ठेवलं तर पहिल्या खोल तळ्यात गाळ बसतो, दुसऱ्यात उन्हावर शेवाळ वाढून प्राणवायू तयार होतो, शेवटच्या उथळ तळ्यात रोगजंतू मरतात. पोटातल्या जंतांची अंडी जड असतात, ती तळाशी बसतात. भाजीवाल्यांसाठी हे सर्वांत महत्त्वाचं, कारण सांभार कच्चाच खाल्ला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्येच सांगितलं होतं की सिंचनाच्या लिटरभर सांडपाण्यात जंतांचं एकाहून जास्त अंडं नसावं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अशा तळ्यांवर फार पूर्वीच काम केलेलं आहे. सल्ल्यासाठी मुंबई-पुण्याला जायची गरज नाही.

आमची वस्ती १५ हजारांच्या आसपास. माणशी ८० लिटर धरलं तर रोज १२ लाख लिटर पाणी होतं. ते १५ दिवस थांबवायला दीड मीटर खोलीची सुमारे ३ एकर तळी लागतील. बांध आणि वाट धरून ५-६ एकर. आटेल तेवढं सोडलं तरी त्यावर रोज चारेक एकर गव्हाची एक पाळी निघेल. काठचं गवत मात्र कापत राहावं लागेल, नाहीतर डास होतील, आणि काही वर्षांनी गाळही काढावा लागेल. ही कामं गावातल्या माणसांना जमणारी आहेत.

नाल्याच्या खालच्या अंगाला ई-क्लास, म्हणजे सरकारी गायरान जमीन आहे. तिच्यावर व्यापारी गाळे बांधण्याचं बोलणं कानावर येतं. तसं झालं तर उताराची दुसरी जागा उरत नाही आणि पाणी पंपाने चढवावं लागेल. म्हणून पुढच्या सर्वसाधारण सभेत ही जागा तळ्यांसाठी राखून ठेवल्याचा ठराव घ्यावा, आणि प्रकल्पाचा अहवाल मंजुरीला पाठवण्याआधी गावात वाचून दाखवावा. टँकरचा मैला वाळवण्याचे वाफे तर त्याच जागेत या उन्हाळ्यातच बांधता येतील. त्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहायला नको.

आपली,
एक भाजीपाला उत्पादक शेतकरी महिला,
जि. यवतमाळ