पाय कापून दाखवलेला बॅले : तक्रार आणि मागणी

प्रति,
व्यवस्थापक,
चित्रपटगृह, पणजी

विषय : शनिवारच्या समकालीन बॅलेच्या कार्यक्रमात चित्र कापून दाखवल्याबद्दल व प्रयोग मध्येच थांबवल्याबद्दल.

महोदय,

मी फोंड्याला कथक शिकवते. गेल्या शनिवारी आपल्याकडे तीन समकालीन बॅलेंची चित्रणे दाखवली गेली, त्याला मी माझ्या चौदा विद्यार्थिनींना घेऊन आले होते. पंधरा तिकिटे, प्रत्येकी ६०० रुपये, म्हणजे ९,००० रुपये. गाड्यांचे भाडे वेगळे. गोव्यात बॅले पाहण्याचा योग क्वचितच येतो, म्हणून महिनाभर आधीपासून वर्गात या तिन्ही रचनांविषयी बोलत होते.

त्या संध्याकाळी आम्हांला पाय दिसले नाहीत. तिन्ही रचनांत, अगदी शेवटपर्यंत.

चित्रण १६:९ (रुंदी : उंची) मापाचे होते आणि आपला पडदा त्याहून रुंद. बाजूंना काळ्या पट्ट्या राहू नयेत म्हणून चित्र मोठे करून पडदाभर पसरवले गेले. त्यामुळे वरचा आणि खालचा मिळून उंचीचा जवळजवळ चौथा भाग पडद्याबाहेर गेला. पहिली रचना विल्यम फोरसाइथ यांची ‘इन द मिडल, समव्हॉट एलिव्हेटेड’, १९८७ साली पॅरिस ऑपेराच्या नर्तकांसाठी केलेली. तिच्यात मंचाच्या मध्यावर, उंच, दोन सोनेरी चेरी टांगलेल्या असतात. रचनेचे नावच त्यांच्या जागेवरून पडले आहे. वर चेरी नाहीत, खाली पाय नाहीत. टॉम विलेम्स यांच्या संगीताच्या घणासारख्या ठोक्यांवर कंबरेपासून वरची माणसे तेवढी हलत होती. माझी सर्वांत धाकटी विद्यार्थिनी कानाशी येऊन म्हणाली, “बाई, ह्यांचे पाय खंय गेले?” ततकार, म्हणजे कथकचे पदाघात, घोटून घोटून ज्यांचे तळवे लाल होतात त्या मुलींना मी काय उत्तर द्यायचे?

मध्यंतरात मी आपल्या कर्मचाऱ्याला हे दाखवले. “सेटिंग असंच असतं” एवढेच तो म्हणाला.

यानंतर जे झाले त्याचे मला जास्त वाईट वाटले. यिरी किलियान यांची ‘पेतीत मोर’ ही रचना मोझार्टच्या निधनाला दोनशे वर्षे झाली त्या वर्षी, १९९१ मध्ये, साल्झबर्ग महोत्सवासाठी झाली. सहा पुरुष, सहा स्त्रिया, सहा तलवारी. सुरुवातीला संगीत नसतेच. तलवारींची पाती हवेत फिरतात त्यांचा सपकारा ऐकू येतो, तेवढाच. आपल्या ऑपरेटरला वाटले आवाज गेला. त्याने चित्रण थांबवले, पुन्हा सुरू केले, पुन्हा थांबवले आणि शेवटी आवाज इतका वाढवला की मोझार्टच्या पियानो कॉन्चेर्टोचा (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेचा) तो संथ, दुखरा भाग लाऊडस्पीकरवरच्या घोषणेसारखा अंगावर आला. आमच्याकडे जत्रेच्या नाटकात पहाटे दोन वाजता पात्र बोलता बोलता थांबले तर पेटीवालाही हात थांबवतो. तो थांबा नाटकातलाच आहे हे त्याला कळते. आपल्याकडे कार्यक्रमाची माहिती कोणी एकदा वाचली असती तरी पुरले असते.

तिसरी, क्रिस्टोफर व्हील्डन यांची ‘आफ्टर द रेन’ (२००५), तिच्यातले युगुलनृत्य. आर्वो पेर्ट यांचे पियानो आणि व्हायोलिनसाठीचे संगीत. यात नर्तकी केस मोकळे सोडते आणि टणक टोकाच्या बुटांऐवजी मऊ सपाट बूट घालते. फोरसाइथच्या रचनेत चवड्याच्या टोकावर तोललेले शरीर आणि इथे जमिनीला टेकलेले पाऊल, हा फरक मुलींना डोळ्यांनी दिसावा म्हणून तर मी त्यांना आणले होते. तो दिसलाच नाही. वर शेवटचे सूर विरण्याआधी दिवे लावले, दारे उघडली आणि बाहेरच्या पॉपकॉर्न काउंटरचा गलका आत आला.

पैसे घेऊन कापलेले चित्र दाखवणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटी आहे. माझ्या मागण्या अशा : पंधराही तिकिटांचे पैसे परत मिळावेत. हाच कार्यक्रम मूळ मापात, बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून, पुन्हा दाखवावा आणि आधी ऑपरेटरने तो एकदा पूर्ण पाहावा. तसे होणार असेल तर मी मुलींना घेऊन पुन्हा येईन, त्या वेळची तिकिटे स्वतः काढून. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे जाईन. तिकिटांच्या प्रती आणि मध्यंतरापूर्वी पडद्याचा काढलेला एक फोटो सोबत जोडला आहे.

आपली,
एक कथक शिक्षिका
फोंडा, गोवा