वैशे, ‘इतर’ म्हणजे कोण?

प्रिय वैशे,

उत्तर नाही म्हणून फुगली असशील, फुग. पाठ बरी आहे, आईची शुगर कंट्रोलमध्ये, झालं.

काल ऑफिसात जे झालं ते तुलाच कळेल. माझं हल्लीचं काम माहितीये ना, आपोआप चालणाऱ्या गाड्यांना रस्ता ओळखायला शिकवायचं म्हणून कॅमेऱ्याचे व्हिडिओ बघत चौकोन काढायचे, हा पादचारी, ही सायकल, हा ट्रक, नि कशातच न बसणारं ते ‘इतर’. तर एका व्हिडिओत एक बाई हायवेच्या दुभाजकाच्या फटीतून आली, डोक्यावर गवताचा एवढा भारा की तोंडच दिसेना, आणि एक हात वर करून सरळ चालत सुटली, आपण करतो तसंच, हात दाखवला की ट्रकवाला थांबणारच. शेजारचा पोरगा म्हणतो ‘इतर’ टाक नि पुढे चल. मी म्हटलं नाही टाकणार. जुंपलीच आमची.

हॉस्टेलवर अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचा तो मॉरल मशीन नावाचा ऑनलाइन खेळ खेळताना आपण भांडलेलो, आठवतंय? आपोआप चालणाऱ्या गाडीचे ब्रेक फेल, म्हातारीला वाचवायचं की पोराला. तू सिग्नल तोडणाऱ्या झाडून सगळ्यांना उडवलंस (आणि स्वतः डेक्कनला कधी सिग्नल पाळलास गं?). २०१८ला ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत त्याचा निकाल आला, २३३ देश-प्रदेशांतून जवळपास ४ कोटी उत्तरं. म्हाताऱ्यांआधी तरुणांना वाचवायचा कल जपान-चीनकडे कमी, लॅटिन अमेरिकेत जास्त. जिथे कायद्याचा वचक कमी तिथले लोक नियम मोडून रस्ता ओलांडणाऱ्याला सांभाळून घेतात म्हणे, तू सोडून. तुमच्या जर्मनीच्या, अशा गाड्यांच्या नीतिनियमांवर नेमलेल्या सरकारी समितीने तर २०१७लाच सांगितलं, वय नि बाई-पुरुष बघून माणूस निवडायचाच नाही.

पण वैशे, गाडीला तो माणूस दिसला तर पुढची निवड ना! त्याच २०१८च्या मार्चमध्ये ॲरिझोनात, टेम्पीला, उबरच्या आपोआप चालणाऱ्या टेस्ट गाडीने रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं. सॉफ्टवेअर तिला कधी गाडी म्हणे, कधी इतर, कधी सायकल. झेब्रा सोडून कुणी चालत जाईल हे त्यात धरलेलंच नव्हतं. गेली बिचारी. म्हातारी का तरुण, हा प्रश्न आलाच नाही तिथे. आणि आपल्याकडे झेब्रावरून जातं कोण? मग अख्खा देशच ‘इतर’मध्ये टाकायचा का?

मी ‘पादचारी’च टाकलंय. लीडने परत पाठवलं तर परत तेच टाकणार.

तुझं घर लागलं का? पिल्लू चालतंय का? भावजींना नोकरीचं विचारलंय म्हणून सांग. आणि तिकडे कुणी हात दाखवून रस्ता ओलांडतं का ते कळव. तू ओलांडून बघू नकोस, तुझा भरवसा नाही.

तुझीच,
मंजी