दिवाळी अंकांच्या फुकट्या पीडीएफ

दिवाळी सरते न सरते तोच नव्याकोऱ्या अंकांच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. पाठवणारा वर 'वाचनसंस्कृती जपतोय' म्हणून मिरवतो! १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रती काढण्याचा, वाटण्याचा, भाषांतराचा हक्क हक्कधारकाचाच. लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे. त्यासाठी नोंदणीही सक्तीची नाही. कवितेखालचे नाव उडवून 'संकलित' लिहिणे हा तर कलम ५७ चा सरळ भंग. हक्क विकले तरी श्रेय कवीचेच राहते. लेखकांनीही मानधनाच्या कागदावर डोळे झाकून सही करू नये. करारात मुदत लिहिली नसेल, तर हक्कांचे हस्तांतर ५ वर्षांपुरतेच धरले जाते. परीक्षणासाठी उतारा जरूर घ्यावा. अख्खा अंक कशाला?

– एक वाचक, सातारा