पावसाआधी एकदा मेन पाडून बघ

ह्यूस्टन, 17 मे

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

जनरेटर दर रविवारी आपोआप दहा मिनिटं चालतो, म्हणून तू निश्चिंत आहेस. मला काळजी तिथेच वाटते. त्या दहा मिनिटांत नुसतं इंजिन फिरतं, चेंजओव्हर, म्हणजे घर लाइटवरून जनरेटरवर टाकणारा स्विच, जागचा हलत नाही आणि वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरवर लोड येत नाही. वळवाच्या पावसात कोथरूडला फांदी तारेवर पडली की खरं काम चेंजओव्हरचंच असतं, आणि आजीचं ऑक्सिजनचं यंत्र त्याच्याच पुढच्या लाइनवर आहे. म्हणून पाऊस लागायच्या आत पूर्ण चाचणी घे.

सगळ्यात आधी आजीला सिलिंडरवर घ्या, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रवाहावरच. लाइट गेल्यापासून जनरेटर लोड घेईपर्यंत दहा-वीस सेकंद जातात, आणि आपल्या यंत्राला बॅटरी नाही. सिलिंडर आणि त्याची चावी यापुढेही पलंगाजवळच असू दे.

गुरुवार नको. महावितरणची दुरुस्ती बहुधा गुरुवारी निघते आणि चाचणीच्या दुसऱ्या भागात तुला लाइट परत यायला हवी. रविवारी सकाळी कर. पार्किंगचं शटर पूर्ण उघड, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ऑइल, डिझेल बघ. कंट्रोलर ‘ऑटो’वर आहे ना आणि लाल इमर्जन्सी बटण दाबलेलं राहिलं नाही ना, तेही बघ. जनरेटर सुरू न होण्याची कारणं पुष्कळदा इतकी साधी असतात.

त्याहून मोठं कारण जनरेटरची बॅटरी. चार्जर काही तास बंद ठेवून मल्टिमीटर लाव. 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. स्टार्टर फिरताना आकडा 9.5च्या खाली गेला तर बॅटरी बदल, पुढच्या वेळेची वाट बघू नकोस. बॅटरी नवी असूनही उतरत असेल तर बहुधा चार्जर मेला आहे.

आता एसी, कॉम्प्युटर बंद कर आणि मीटरजवळचा मेन स्विच पाड, म्हणजे चेंजओव्हरच्या आधीचा. घरातल्या डीबीमधला (स्विचांच्या पेटीतला) एमसीबी पाडलास तर जनरेटरच्या पॅनलला लाइट दिसतच राहते, जनरेटर सुरू होत नाही आणि नसलेला बिघाड शोधण्यात सकाळ जाते. मेन पाडल्यापासून सेकंद मोज: थोडा थांबा, स्टार्ट, व्होल्टेज स्थिर, मग कॉन्टॅक्टरचा, म्हणजे लोड जोडणाऱ्या चेंजओव्हरमधल्या स्विचचा ‘खट्’.

आपला सेट 7.5 केव्हीए, म्हणजे 0.8 पॉवर फॅक्टरला 6 किलोवॅट. त्याच्या तीस टक्के, म्हणजे निदान 1.8 किलोवॅट लोड अर्धा तास हवा. त्याहून कमी लोडवर डिझेल इंजिन फार वेळ चालवलं की न जळलेलं डिझेल आणि काजळी सायलेन्सरमध्ये साठते. 2 किलोवॅटचा गिझर लाव. पंधरा लिटरचा गिझर वीसेक मिनिटांत तापून थर्मोस्टॅटवर तुटतो आणि लोड गायब होतो, म्हणून गरम पाण्याचा नळ थोडा सोडून ठेव. मग फ्रिज, शेवटी पंप, एकेक करून. पंप सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढतो.

रिकाम्या सेटवर 51-52 हर्ट्झ दिसेल, लोडवर 50च्या आसपास. व्होल्टेज 230च्या जवळ राहायला हवं. फ्रिक्वेन्सी खाली बसत गेली तर डिझेल फिल्टर तुंबलाय किंवा लाइनमध्ये हवा शिरलीय. इन्व्हर्टरवर ‘मेन्स’चा दिवा लागलाय का ते नक्की बघ. यूपीएस मोडमध्ये तो जनरेटरची वीज नाकारू शकतो. दिवे लागलेले असतात, पण बॅटरी उतरत असते.

सोलरचा इन्व्हर्टर या वेळी बंद पडलेलाच हवा. तो जनरेटरवरही वीज देत असेल तर जोडणी चेंजओव्हरच्या चुकीच्या बाजूला आहे, सगळं थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलाव. मेनच्या टर्मिनलवर उलटी वीज येत नाही ना, हेही त्यालाच मोजू दे, तू हात घालू नकोस. उलटी गेलेली वीज ट्रान्सफॉर्मरमधून 11 हजार व्होल्ट होऊन खांबावरच्या वायरमनपर्यंत पोचते. घरात अंधार झाला तर झाला, पण एवढं मात्र होता कामा नये.

अर्ध्या तासाने मेन चढव. पॅनल निदान एक मिनिट थांबून मगच लोड परत लाइनवर टाकायला हवं. लगेच टाकत असेल तर टायमर वाढव, पावसात लाइट ये-जा करते. नंतर इंजिन तीन ते पाच मिनिटं रिकामं चालतं, थंड व्हायला. घाईने स्टॉप दाबू नकोस.

इंजिन चालू पण लोड येत नाही असं झालं तर कंट्रोल फ्यूज, कॉन्टॅक्टरची कॉइल आणि पाल, या क्रमाने शोधायला सांग. पाली उबेला पॅनलमध्ये शिरतात, केबलची भोकं ग्लँडने, म्हणजे केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचाने, बुजवून घे. तीन प्रयत्नांनंतर पॅनल लॉक झालं तर सारखं रीसेट करू नकोस, स्टार्टर जळेल. आधी डिझेलचा कॉक बघ.

इथले व्हिडिओ बघून वायरिंगला हात लावू नका. इथे घरात दोन फेजमध्ये 240 व्होल्ट, 60 हर्ट्झ, आणि चेंजओव्हर बहुधा न्यूट्रल तोडत नाही. आपला फेज-न्यूट्रल दोन्ही तोडतो.

किती सेकंदांत लोड आला, स्टार्टच्या वेळी बॅटरी किती होती, लोडवरचे व्होल्ट आणि हर्ट्झ, परत यायला किती वेळ लागला, एवढं वहीत लिहून फोटो पाठव. आजीला नमस्कार.

तुझा,
धाकटा