लिंकसोबतचं पत्र

गंगापूर रोड, नाशिक
रविवार, दुपार

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात फोनवर तू हसत हसत म्हणालीस, "बाबा, तुझ्या लिंका मी उघडतच नाही. नुसती निळी ओळ असते, सोबत एक अक्षर नाही. मला वाटतं गुड मॉर्निंगचाच प्रकार असेल." मीही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र मोजून बघितलं. जानेवारीपासून तेवीस लिंका पाठवल्यात. तुझ्याकडून सात अंगठे आले. ते न ऐकताच दिलेले होते, हे आता कळलं.

आईनं तुझीच बाजू घेतली. "पाहुण्याच्या पानात वाढलं की काय आहे ते सांगतो ना आपण? तू नुसतं वाढून आत निघून जातोस." म्हणून आज एकच लिंक निवडली आहे, आणि तिच्याबरोबर हे पत्र.

लिंक आहे जॅझमध्ये रॉक मिसळणाऱ्या एका अमेरिकन बँडची. बँडचं नाव रिटर्न टू फॉरएव्हर. आम्ही त्याला 'रिटर्न तिकीट' म्हणायचो. आम्ही म्हणजे मी, प्रेसवाले काका, ओझरवाले काका आणि ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवणारे काका. १९८३-८४ असेल. मी सातपूरला टूलरूममध्ये नवीन लागलो होतो. प्रेसवाले काका महिन्यातून एकदा पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला जायचे आणि तिथल्या कुणा ओळखीच्याकडून कॅसेट भरून आणायचे. ती कॅसेटही आधीच कॅसेटवरून भरलेली असायची. आमच्यापर्यंत येईतो तिसरी-चौथी नक्कल, त्यामुळे गाण्याआधी खरखर सुरू व्हायची आणि गाणं संपल्यावरही चालू राहायची. भांडी बाजारातल्या आपल्या जुन्या घराच्या खालच्या खोलीत आम्ही चौघं बसायचो. आजी वरून ओरडायची, "भांडी पडली का रे?"

आजीला हसायचं काम नाही, कारण गाणं वाटून खायचं मी तिच्याकडूनच शिकलो. वाड्यात रेडिओ एकच, आपला. बापूराव पलुस्करांचं भजन लागलं की ती रेडिओ उचलून चौकाकडच्या खिडकीत आणून ठेवायची आणि आवाज वाढवायची. नळावरच्या बायका बादली तशीच वाहती सोडून उभ्या राहायच्या. पलुस्कर नाशिकचेच. १९२१ साली इथे जन्मले आणि १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. आजी त्यांच्याबद्दल घरातलं माणूस गेल्यासारखी बोलायची. "हे ऐका" असं तिनं कुणाला म्हटल्याचं मला आठवत नाही. खिडकीत रेडिओ ठेवला की झालं.

बरं, बँडकडे येतो. १९६९ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत माइल्स डेव्हिसनं तीन दिवस बरीच मंडळी गोळा केली. स्वतः जॅझचा ट्रम्पेटवाला, पण त्याच्या कानात तेव्हा रॉकची वीज शिरली होती. एकाऐवजी दोन-दोन ड्रमर, इलेक्ट्रिक पियानो, इलेक्ट्रिक गिटार. त्या खोलीत जे बसले होते त्यांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत आपापले संसार थाटले. जॉन मॅकलॉक्लिननं महाविष्णू ऑर्केस्ट्रा काढला, झाविनुल आणि वेन शॉर्टर यांनी वेदर रिपोर्ट, आणि पियानोवर होता त्या चिक कोरियानं हा आपला बँड. तिथे ड्रम वाजवणाऱ्यांत लेनी व्हाइट नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगाही होता. तो पुढे कोरियाकडे आला. बासवर स्टॅनली क्लार्क पहिल्यापासून होताच. १९७४ साली गिटारवाल्याची जागा रिकामी झाली तेव्हा बोस्टनच्या संगीत कॉलेजातून अल डी मिओलाला उचलला. तोही तेव्हा एकोणीसचाच. तू एकोणीसची असताना हॉस्टेलच्या मेसबद्दल रोज रडत फोन करायचीस, ते आठवलं.

या चौघांनी १९७६ साली रोमँटिक वॉरियर नावाची तबकडी केली आणि थोड्याच काळात चौघांची फाटाफूट झाली. मध्ये १९८३ साली काही दिवस एकत्र वाजवलं, तेवढंच. नंतर थेट २००८.

२००८ म्हटलं की तुला काय आठवतं? तू चौथीत होतीस. सप्टेंबरात गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला पूर आला, नदीतला दुतोंड्या मारुती अख्खा बुडाला, सराफ बाजारात पाणी शिरलं आणि भांडी बाजारातलं आपलं खालचं घर पाण्यात गेलं. तुला, आजीला आणि आईला मी आधीच मामाकडे पोचवलं होतं. पाणी उतरल्यावर कॅसेटची पेटी उघडली तर आत गाळाचा एकच लगदा. तू केसांच्या क्लिपा लावून कॅसेटची कागदी कव्हरं दोरीवर वाळत घातली होतीस, चड्ड्या-बनियनच्या रांगेत. तुला आठवत नसेल. टेपा मी दोन दिवस धुवून बघितल्या, पेन्सिल घालून फिरवल्या. एकही वाजली नाही. शेवटी घंटागाडीत टाकल्या.

आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात हे चौघं तिकडे पुन्हा एकत्र येऊन गावोगाव वाजवत फिरत होते. मला त्याचा पत्ताच नव्हता. पुढच्या वर्षी कळलं, तेव्हा पंचवटीनं मुंबई गाठली आणि काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये जाऊन मागवायला सांगून आलो. (ते दुकानही २०१६ साली बंद झालं.) त्या दौऱ्यातल्या मैफलीचा दोन सीडींचा संच. तुझ्या आईनं किंमत विचारली, मी अर्धी सांगितली. आज खरं सांगतो, आता ती काही करू शकत नाही.

पण पैसे मोजून घ्यायचंच होतं. तरुणपणी मी लोकांना तीस-चाळीस कॅसेटी भरून दिल्या असतील. दोन डेकचा टेप घेतला होता तो त्याच कामासाठी. तेव्हा त्याला आम्ही प्रचार म्हणायचो. होती ती चोरीच, फक्त प्रेमानं केलेली. म्हणून हल्ली मी कुणाला फाइल पाठवत नाही, लिंक पाठवतो, तीही वाजवणाऱ्यांच्या स्वतःच्या खात्यावरची. ऐकणारा एक का होईना, त्यांच्या हिशेबात जमा होतो. तुझी पिढी विचारेल, याचे त्यांना किती पैसे मिळतात? फार नाहीत, माहीत आहे मला.

आता काय ऐकायचं ते. मैफलीचा पूर्वार्ध विजेच्या वाद्यांचा आहे, तो तू सोडलास तरी मी रागावणार नाही. खरं सांगायचं तर त्यात थोडा आखाडा आहे. गिटारवाला एका मात्रेत किती स्वर कोंबतो याची मोजणी चालल्यासारखी वाटते, आणि सिंथेसायझरचा आवाज आज ऐकला की जुन्या सायन्स फिक्शन सिनेमातली यानं डोळ्यांपुढे येतात. तरुणपणी याच भागावर मी जीव टाकायचो. ड्रमवाले काका अजून टाकतात, त्यांच्याशी वाद घालू नकोस.

मी पाठवलाय तो उत्तरार्धातला तुकडा, त्या १९७६ च्या तबकडीचंच नाव असलेला. त्यात विजेची वाद्यं बाजूला ठेवतात. साधा पियानो, लाकडी उभा बास, साधी गिटार आणि ड्रम्स. मूळ तबकडीत तो अकरा मिनिटांच्या आत संपतो आणि चौघंही घाईत असतात. घाई वाईट नाही, एकवीस वर्षांच्या डी मिओलानं घाई नाही करायची तर कुणी करायची? पण २००८ मध्ये कोरिया साठी ओलांडलेला आहे, बाकीचे पन्नाशीत. मुखडा तोच आहे, पण आता एकाचं म्हणणं संपेपर्यंत दुसरा थांबतो. बास बोलत असताना पियानो एखादाच स्वर टाकतो, आपण गप्पांत "हं" म्हणतो तसा. तू आजीबरोबर भजनाला जायचीस, तेव्हा तबलजी समेच्या आधी मान किंचित तिरकी करायचे, आठवतं? स्वित्झर्लंडमधल्या मॉन्ट्रोच्या महोत्सवातलं चित्रीकरणही आहे, त्यात चेहरे बघ. हे चौघं एकमेकांकडे तसेच बघतात.

जुळून आलं म्हणून सगळं गोड झालं असंही नाही. २०११ साली बँड पुन्हा निघाला तेव्हा डी मिओला त्यात नव्हता. गिटारवर फ्रँक गॅम्बाली आला आणि व्हायोलिनवर जाँ-ल्युक पाँती. चांगलंच वाजवलं त्यांनी. पण माझ्यासाठी २००८ चेच चार.

नंतर २०२० चा लॉकडाउन आला. कोरिया घरूनच रियाझ करायचा आणि तो सगळ्यांना ऑनलाइन दिसायचा. तिकीट नाही, सूट-टाय नाही. अडखळायचा, थांबायचा, तेच दोन चरण पुन्हा घ्यायचा. मी इथे हॉलमध्ये दिवा मालवून बघायचो. एवढा मोठा माणूस, ७८ वर्षांचा, आणि जमत नाही ते जगासमोर घोटतोय. त्या दिवसांत टूलरूमचे आमचे मिस्त्री आठवायचे. ते रिटायर व्हायच्या दिवशीही पहिला जॉब मायक्रोमीटरनं दोनदा तपासायचे.

९ फेब्रुवारी २०२१ ला कोरिया गेला. बातमी इथे पोचायला दोन-तीन दिवस लागले. त्या सकाळी मला एका अनोळखी नंबरवरून लिंक आली. नुसती निळी ओळ, अक्षर नाही.

ओझरवाले काका आपल्याकडे का येत नाहीत, असं तू लहानपणी विचारायचीस. आम्ही "बदली झाली" म्हणायचो. बदली कसली, ते इथेच एचएएलच्या विमान कारखान्यात होते. प्लॉटच्या पैशांवरून आमचं बिनसलं होतं, तेही इतक्या कमी रकमेवरून की आता आकडा सांगायला लाज वाटते. सोळा वर्षं बोलणं नाही. लग्नकार्यात समोर आले तर मी पंगत बदलायचो.

लिंक उघडली. हाच तुकडा. नंबर कुणाचा ते विचारायची गरज नव्हती. मी उत्तर लिहायला घेतलं, तीनदा पुसलं, मग मास्क लावला, स्कूटर काढली आणि आग्रा रोडनं ओझरला गेलो. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि आत वळून म्हणाले, "अगं, चहा दोन कप वाढव." प्लॉटचा विषय आजतागायत निघालेला नाही.

आता तू म्हणशील, मग बिनअक्षराची लिंकही चालते की! त्यांची चालली. त्या खालच्या खोलीत आम्ही दोनशे रात्री तरी एकत्र बसलो असू, पुढे लिहायला काही उरलं नव्हतं. तुझ्याबरोबर मी कधी बसलोच नाही. तू दहावीत गेलीस, मग क्लास, मग कानात तुझी स्वतःची गाणी, मग बंगळूर. मी मात्र तू शेजारी बसून ऐकल्यासारखाच लिंका पाठवत राहिलो. चूक माझी. तुझ्या कानातली गाणी कोणती, हेही मी कधी विचारलं नाही.

येत्या रविवारी तिघं काका आपल्याकडे येणार आहेत. आई म्हणते, मिसळ करते, पण भांडी पडल्यासारखं काही लावलंत तर रस्सा मिळणार नाही. संध्याकाळी साडेपाचला आम्ही हाच तुकडा लावू. तुला सवड असेल तर तूही तिकडे त्याच वेळी लाव. फोनवर बोलायला नको, व्हिडिओ कॉलही नको, त्यात आवाज फाटतो. कंटाळून बंद केलंस तर कितव्या मिनिटाला केलंस तेवढं कळव. अंगठा पाठवू नकोस.

आणि तुझीही एक लिंक पाठव. सोबत दोन ओळी लिही, मला तुझ्यातलं काही कळत नाही हे गृहीत धरूनच.

तुझा,
बाबा

ता. क. फोनच्या स्पीकरवर ऐकू नकोस, हेडफोन लाव. बासची सर्वांत जाड तार सेकंदाला ४१ वेळा थरथरते, आणि फोनच्या त्या टिचभर स्पीकरमधून इतका खालचा आवाज निघतच नाही. म्हणजे चौघांतला एक जण तुझ्याकडे पोचणारच नाही.

ता. क. २. आईनं चिवडा कुरियर केलाय. डब्याखालचा कागद फेकू नकोस. दोरीवर वाळत घातलेल्यांतलं हेच एक कव्हर वाचलं होतं. कडेला गाळाची रेघ आहे, आणि वरच्या कोपऱ्यात तुझ्या क्लिपेचा गंज.